जांभळाची बी, पपईचं पान आणि 'अँटिऑक्सिडंट'चा शिक्का



गेल्या दोन-तीन डायजेस्टमध्ये जांभळाच्या बियांच्या पावडरीवर बरीच चर्चा झाली. कोणी विचारलं की इंडियातून येताना पावडर आणता येते का. कोणी लिहिलं की त्यांच्या सासऱ्यांची गोळी अर्ध्यावर आली. मग यादी वाढतच गेली: पेरूचं पान, आंब्याचं पान, पपईचं पान, द्राक्षाच्या बिया, इथल्या ऑलिव्हचं पान. प्रत्येक नावापुढे एकच शिक्का होता: 'अँटिऑक्सिडंट भरपूर'. वाचता वाचता माझं उत्तर लांबत गेलं, म्हणून ते स्वतंत्र मेल करून टाकतोय. लांबी सांभाळून घ्या.

आधी खुलासा. मी डॉक्टर नाही, वैद्य नाही, फार्मसीशीही माझा संबंध नाही. मी सॉफ्टवेअरवाला. पण एखादा आकडा *काय मोजतो* आणि त्यावरून *काय सिद्ध होत नाही* हे बघणं हा आमचा रोजचा धंदा आहे. या विषयात नेमका तिथेच घोळ होतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं: बियांत आणि पानांत अँटिऑक्सिडंट भरपूर असतात हे खरं आहे. पण तेवढ्यावरून ते औषध ठरत नाही. त्या शब्दाच्या भरवशावर आपल्या घरातली मोठी माणसं चालू औषध कमी करतात, आणि परदेशात त्याची किंमत दुप्पट मोजावी लागते.

*आकडा येतो कुठून?*

बहुतेक ठिकाणी हा आकडा एका सोप्या चाचणीतून येतो. डीपीपीएच नावाचं गडद जांभळ्या रंगाचं रसायन असतं. बिया वाळवून, दळून, मिथेनॉलमध्ये अर्क काढायचा आणि तो त्या द्रावणात टाकायचा. अर्कातल्या संयुगांनी इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन दिला की जांभळा रंग उतरून पिवळा होतो. ५१७ नॅनोमीटरला किती प्रकाश शोषला जातो ते यंत्रावर वाचायचं आणि व्हिटॅमिन सी शी तुलना करायची. झाली चाचणी. ती स्वस्त आहे, झटपट होते आणि कॉलेजच्या लॅबमध्येही जमते. म्हणूनच जगातल्या जवळजवळ प्रत्येक पानावर-बीवर ती कोणी ना कोणी करून ठेवलेली सापडते.

चाचणी खोटी नाही. पण ती फक्त एवढंच सांगते की या अर्काने बाटलीतल्या एका रसायनाचा रंग उतरवला. आपल्या रोजच्या चहाचा अर्कही ती आरामात पास होतो. बी आणि पान तर होणारच, कारण टॅनिन, गॅलिक आम्ल, एलॅजिक आम्ल असली संयुगं झाड तिथेच साठवतं. कीड लागू नये, जनावराने खाऊ नये, उन्हाने पान जळू नये, हा त्या झाडाचा स्वतःचा बंदोबस्त आहे. आपल्या डायबेटिसशी झाडाला काही देणंघेणं नाही. बी कडू आणि तुरट का लागते याचं उत्तरही हेच. आपण ती खाऊ नये म्हणूनच!

आमच्या भाषेत सांगायचं तर हा डेव्हलपरच्या मशीनवरचा बेंचमार्क आहे. त्यावरून प्रॉडक्शनमध्ये काय होईल ते कळत नाही.

यावर एक काळ असा होता की अमेरिकेच्या कृषी खात्याने, म्हणजे यूएसडीएने, फळं-भाज्यांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा 'ओरॅक' नावाचा तक्ताच प्रसिद्ध केला होता. पूरक गोळ्या विकणाऱ्यांनी ते आकडे डब्यांवर छापले. २०१२ साली यूएसडीएने तो तक्ता वेबसाइटवरून काढून टाकला. कारण त्यांनीच दिलं: या आकड्यांचा माणसाच्या शरीरावर होणाऱ्या परिणामाशी संबंध लागत नाही आणि जाहिरातीत त्यांचा गैरवापर होतो. तक्ता गेला, पण आकडे अजून फॉरवर्ड होतच आहेत.

*शरीर म्हणजे काचेची नळी नाही*

१९५६ साली डेनम हरमन यांनी मांडलं की शरीरात तयार होणारे फ्री रॅडिकल्स पेशींचं नुकसान करतात आणि त्यातून म्हातारपण येतं. त्यावरून सरळ हिशोब झाला: रॅडिकल वाईट, त्यांना मारणारं चांगलं, आणि जितकं जास्त तितकं उत्तम. हिशोब दिसायला छान होता. मग तो माणसांवर तपासला गेला.

फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला: बीटा कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी *वाढला*. अमेरिकेतली अशीच दुसरी चाचणी १९९६ साली मुदतीआधी थांबवावी लागली, कारण तिथेही उलटाच परिणाम दिसत होता. २०११ साली व्हिटॅमिन ई च्या मोठ्या चाचणीत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त निघाला. हे तिन्ही अभ्यास फायदा दिसेल अशा आशेने सुरू झाले होते, हे लक्षात घ्या.

डायबेटिसवाल्यांसाठी याहून जवळचा एक अभ्यास आहे. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी काही तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. अर्ध्यांना रोज व्हिटॅमिन सी आणि ई च्या मोठ्या डोसच्या गोळ्या दिल्या. व्यायामाने इन्सुलिन नीट काम करू लागतं हे आपल्याला माहीत आहे. गोळ्या न घेणाऱ्यांमध्ये तसंच झालं. गोळ्या घेणाऱ्यांमध्ये तो फायदा दिसला नाही. व्यायाम करताना जे थोडे रॅडिकल्स तयार होतात, तोच स्नायूंना मिळणारा निरोप असतो. गोळीने निरोपच पुसला.

म्हणजे शरीर या रसायनांचा वापर सिग्नल म्हणूनही करतं. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला तीच वापरतात. शिवाय पानातली-बीतली पॉलिफेनॉल्स आतड्यातून थोडीच शोषली जातात, आणि जी जातात त्यांचं लिव्हर लगेच रूपांतर करून टाकतं. बाटलीत जे संयुग हिरो होतं, ते रक्तात पोचेपर्यंत वेगळंच काहीतरी झालेलं असतं.

*मग जांभळाचं काय?*

इथे पॉइंट कुकमध्ये घराघराच्या कुंपणाला लावलेली लिली पिली आपण रोज बघतो. ती आणि आपलं जांभूळ एकाच 'सिझिजियम' कुळातली, म्हणजे चुलत बहिणीच. पण औषधाची कीर्ती लाभली ती आपल्या जांभळाला. आयुर्वेदात त्याचं बी आणि साल पूर्वीपासून वापरतात. इन्सुलिनच्या आधीच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, युरोपातल्या डॉक्टरांनीही ही पावडर रुग्णांवर वापरून पाहिली होती. तेव्हा ही समजूत अगदीच हवेतली नाही.

पण आज जे 'संशोधनाने सिद्ध' म्हणून फॉरवर्ड होतं ते बहुतेक उंदरांवरचं असतं. त्यातही अलॉक्सन किंवा स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचं विष टोचून उंदराच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिनच्या पेशी मारलेल्या असतात. आपल्या आई-बाबांचा टाइप २ डायबेटिस असा होत नाही. त्यांच्याकडे इन्सुलिन असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. दोन्हीकडे साखर वाढते, पण बिघाड वेगळा आहे. सर्व्हर बंद पडणं आणि नेटवर्क अडकणं, दोन्हीत साइट उघडत नाही, म्हणून उपाय एकच नसतो.

माणसांवरच्या चाचण्यांत एक नीट केलेली चाचणी ब्राझीलमधली आहे. तिथे जांभळाच्या *पानांचा* चहा डायबेटिससाठी घेण्याची पद्धत आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत रुग्णांचे गट पाडले: कोणाला खरा चहा, कोणाला खोटा चहा, कोणाला ग्लिबेनक्लामाइडची गोळी, कोणाला खोटी गोळी. कोण काय घेतंय ते रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. गोळीने साखर उतरली. चहाने उतरली नाही. चाचणी लहान होती आणि ती पानांची होती, बियांची नव्हे, हेही सांगायलाच हवं. पण मुद्दा हा की अशी चाचणी करता येते, आणि केली की उत्तर मिळतं.

पेरूच्या पानाची गोष्ट जरा आशादायक आहे. जपानमध्ये पेरूच्या पानांच्या एका चहाला २००० साली तिथल्या सरकारने आरोग्यविषयक दावा छापायची परवानगी दिली. पण दावा किती मोजका आहे बघा: जेवणाबरोबर घेतल्यास जेवणानंतर साखर थोडी सावकाश चढते. आणि हे होतं कसं? पानातली संयुगं पिष्ट फोडणाऱ्या एन्झाइमला अडवतात. यात अँटिऑक्सिडंटपणाचा काही संबंध नाही! माझ्या मते सगळ्या चर्चेतली ही सर्वात महत्त्वाची गोष्ट आहे. वनस्पतीचा खरोखर उपयोग होतो तेव्हा तो एका विशिष्ट रेणूने, विशिष्ट जागी, विशिष्ट डोसमध्ये होतो. 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द त्या तपशिलाला पर्याय नाही.

पपईच्या पानाचंही तसंच. डेंग्यूच्या सीझनला पुण्या-मुंबईत कोणाच्या तरी प्लेटलेट्स उतरतात आणि पानांचा रस सुरू होतो. मलेशियात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या २२८ रुग्णांच्या चाचणीत पपईच्या पानांच्या रसाने प्लेटलेट्स लवकर वाढल्या असं दिसलं. तेव्हा ही गोष्ट अगदी टाकाऊ नाही. पण डेंग्यूत माणूस जातो तो बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून, बीपी कोसळून. आकडा वाढला म्हणजे धोका टळला असं नाही. रस द्या हवं तर, पण त्या नादात ॲडमिट करायला एक दिवस उशीर झाला तर तो रस फार महाग पडतो.

*'नैसर्गिक आहे, नुकसान तर नाही ना?'*

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की याचं उत्तर उदाहरणांनीच देतो.

मेलबर्नमधलंच एक प्रकरण २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या केस रिपोर्ट्समध्ये छापून आलं. ६७ वर्षांचे एक गृहस्थ, प्रोस्टेट कॅन्सरमधून बरे झालेले, कॅन्सर परतू नये म्हणून जर्दाळूच्या कोयीतल्या बियांचा अर्क घरी करून रोज घेत होते. वेगळ्याच एका छोट्या ऑपरेशनच्या वेळी त्यांच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा कमी दिसला. शोध घेतल्यावर सापडलं सायनाइड. त्या बियांत अमिग्डालिन असतं, त्यातून पोटात सायनाइड तयार होतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये कच्च्या जर्दाळूच्या बिया अन्न म्हणून विकायला २०१५ सालीच बंदी झाली होती. आणि अमिग्डालिनपासून केलेल्या 'लेट्राइल'चा कॅन्सरवर उपयोग नाही हे तर अमेरिकेत १७८ रुग्णांवरच्या अभ्यासातून १९८२ सालीच छापून आलं होतं.

दुसरं उदाहरण सीताफळाच्या भावंडाचं. लक्ष्मणफळाच्या (काही जण यालाच हनुमानफळ म्हणतात) पानांचा काढा कॅन्सरवर रामबाण, असा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर या झाडाची फळं आणि पानांचा काढा भरपूर घेतात. तिथे पार्किन्सनसारखा, पण नेहमीच्या औषधांना दाद न देणारा आजार जास्त आढळतो, आणि त्याचा या झाडाशी संबंध असावा असं १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलं. पानांतलं ॲनोनासिन लॅबमध्ये चेतापेशी मारतं. संबंध शंभर टक्के सिद्ध झालेला नाही. पण मी माझ्या घरात तो काढा कोणाला देणार नाही.

तिसरं आपल्या लाडक्या हळदीचं. ऑगस्ट २०२३ मध्ये इथल्या टीजीएने, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने, हळद आणि कर्क्युमिनच्या *गोळ्यांबद्दल* इशारा दिला. तोवर त्यांच्याकडे लिव्हरच्या त्रासाच्या १८ नोंदी आल्या होत्या, त्यात एक मृत्यूही होता. आमटीतल्या हळदीला हा इशारा लागू नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. फरक डोसचा आणि रक्तात जास्त जावं म्हणून केलेल्या करामतींचा आहे. चिमूटभर मसाला आणि रोजचा घट्ट अर्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

चौथं: डब्यात लिहिलंय तेच आहे का? २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी बोस्टनच्या आसपासच्या देशी दुकानांतून आयुर्वेदिक औषधांचे ७० नमुने घेतले होते. १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. पाचात एक. हा दोष जांभळाचा नाही, पण पिणाऱ्याला त्याने काय फरक पडतो?

आणि साधी गोष्ट, जी कोणी सांगत नाही: टॅनिन जेवणातलं लोह अडवून धरतं. आपल्याकडच्या बायकांचं हिमोग्लोबिन आधीच काठावर असतं. जेवणाबरोबर रोज चमचाभर तुरट पावडर म्हणजे त्यात भर.

*आपल्याकडे याचं काय होतं*

आता आपल्या वस्तीकडे येतो, कारण लिहिण्याचं खरं कारण तेच आहे. इथे ट्रुगनिना, टार्निट, वेरिबीपासून पॉइंट कुकपर्यंत दर दुसऱ्या घरात वर्षातले काही महिने आई-बाबा नाहीतर सासू-सासरे असतात. येताना नियमाप्रमाणे तीन महिन्यांची औषधं आणता येतात, आणि मुक्काम असतो सहा महिन्यांचा, कधी त्याहून जास्त. मेडिकेअर नसतं. व्हिजिटर इन्शुरन्स असतो, पण आधीपासूनच्या आजारांना तो बऱ्याचदा लागू होत नाही. मुलाला खर्चात टाकायला जिवावर येतं. मग गोळ्या पुरवून पुरवून घेतल्या जातात आणि मधली जागा पावडर भरून काढते. 'अँटिऑक्सिडंट आहे, चांगलंच आहे' हा शब्द तिथे मनाची समजूत घालायला उपयोगी पडतो.

आमच्या ओळखीतल्या एका काकूंचं असंच झालं. नातवाच्या बाळंतपणासाठी आल्या होत्या. चौथ्या महिन्यात सकाळची गोळी बंद, त्याऐवजी जांभूळ-कारल्याची पावडर. मुलगा-सून बाळाच्या धावपळीत. घरातलं मीटर दाखवत होतं १६. फोनवर नाशिकच्या बहिणीला त्या सांगत, "अगं, सोळाच आहे, चिंता नको." इथलं मीटर मिलीमोलमध्ये बोलतं, आपलं तिकडचं मिलिग्रॅममध्ये. १६ ला १८ ने गुणा: २८८. हा गुणाकार घरात कोणी केलाच नव्हता. पायाला झालेली छोटी जखम चिघळली आणि रात्री इमर्जन्सी गाठावी लागली. काकू आता बऱ्या आहेत. बिल किती आलं ते मी इथे लिहीत नाही, पण त्या पैशांत मेटफॉर्मिन किती वर्षं आलं असतं याचा हिशोब त्यांच्या मुलाने मला सांगितला होता.

यात पावडरीने विषबाधा केली नाही. पावडरीने फक्त *जागा अडवली*. माझ्या मते आपल्या लोकांत होणारं बहुतेक नुकसान याच प्रकारचं आहे. म्हणून 'नुकसान तर नाही ना' हा प्रश्नच अपुरा आहे. विचारायचं ते हे की याच्यामुळे काय घ्यायचं राहून जातंय?

*आक्षेप, आणि माझी उत्तरं*

"तुला आपल्या परंपरेचा तिटकारा आहे." अजिबात नाही. उलट परंपरेत नीट नोंद ठेवणारी माणसं होती याचा मला अभिमान आहे. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. सखाराम अर्जुन यांनी १८७९ साली मुंबईच्या बाजारातल्या औषधी वनस्पतींची सूची छापली. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी बामनदास बसूंबरोबर केलेला भारतीय औषधी वनस्पतींचा ग्रंथ १९१८ साली निघाला, आजही लोक तो उघडतात. आणि मुंबईतच डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन, महिनोन्महिने बीपी मोजून, १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निकाल छापले. त्यानंतर जगाने सर्पगंधेकडे लक्ष दिलं, १९५२ साली त्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. परंपरेचा मान राखणं म्हणजे हे. डीपीपीएचचा आकडा छापून डबा विकणं म्हणजे मान राखणं नव्हे.

"फार्मा कंपन्यांना यात पैसा नाही म्हणून चाचण्या होत नाहीत." हे बरंचसं खरं आहे. जांभळाच्या बीवर पेटंट कोण देणार? हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ साली दिलेलं पेटंट, डॉ. माशेलकर प्रमुख असताना आपल्या सीएसआयआरने लढून १९९७ साली रद्द करायला लावलं, ते योग्यच झालं. पण मग पुढची जबाबदारीही आपलीच. हे ज्ञान आमचं म्हणून भांडायचं, आणि तपासायची वेळ आली की 'आजीला माहीत होतं' म्हणून थांबायचं, हे बरोबर नाही. बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळवता येतं, दापोलीचं कृषी विद्यापीठ 'कोकण बहाडोली' नावाची जात काढू शकतं, तर बियांच्या पावडरीची टाइप २ च्या रुग्णांवर मोठी, नीट चाचणीही आपल्याला करता येईल. रुग्ण आपल्याकडे आहेत, जांभूळ आपल्याकडे आहे, डॉक्टरही आहेत.

"ॲलोपॅथीच्या गोळ्या म्हणजे केमिकल." ज्या मेटफॉर्मिनऐवजी आपण पावडर घेतोय, तिचं मूळच एका झुडपात आहे. युरोपात गॅलेगा नावाची वनस्पती मधुमेहासारख्या लक्षणांवर वापरत. तिच्यातलं गॅलेजिन साखर उतरवायचं पण विषारी होतं, जनावरंही ते झुडूप खाऊन मरत. त्याच्याच घराण्यातला सुरक्षित रेणू १९२२ साली डब्लिनमध्ये तयार झाला, आणि १९५७ साली पॅरिसमध्ये ज्याँ स्टर्न यांनी तो रुग्णांना दिल्याचं प्रसिद्ध केलं. म्हणजे मेटफॉर्मिन ही परीक्षा पास झालेली जडीबुटीच आहे. परीक्षा दिलेली सोडून न दिलेली घ्यायची, यात परंपरा कुठे आली?

*तर मग करायचं काय?*

पावडर कचऱ्यात टाका असं माझं म्हणणं नाही. एवढंच करा:

१. कुठल्याही पान-बी-अर्काबद्दल चार प्रश्न विचारा. झाडाचा *कुठला भाग*? *किती* आणि किती दिवस? *कोणावर* तपासलं, उंदीर की माणूस? आणि *काय मोजलं*, रंग, रक्तातला आकडा, की माणूस बरा झाला का? चारपैकी एकाचंही उत्तर नसेल तर तो फॉरवर्ड पुढे ढकलू नका.

२. चालू गोळी आपल्या मनाने कमी करायची नाही. पावडर घ्यायचीच असेल तर गोळीच्या *जागी* नको, आणि डॉक्टरला सांगून. पावडर निरुपयोगी असेल तर जागा अडवते. उपयोगी असेल तर ग्लिमेपिराइडसारख्या गोळीबरोबर साखर एकदम खाली जाऊ शकते. दोन्ही बाजूंनी सांगणं गरजेचं आहे. इथले जीपी रागावत नाहीत, डबा घेऊन जा आणि दाखवा.

३. इथल्या फार्मसीतल्या डब्याच्या मागे 'ऑस्ट एल' नंबर दिसेल. त्याचा अर्थ घटक परवानगीच्या यादीतले आहेत आणि पुरावा आपल्याकडे असल्याचं विकणाऱ्याने लिहून दिलंय. विक्रीआधी टीजीएने *गुण तपासला* असा त्याचा अर्थ होत नाही. 'ऑस्ट आर' वेगळा, तिथे गुण तपासलेला असतो. आणि दोन्ही नसलेली, दावे छापलेली पुडी असेल तर ते आपल्या जबाबदारीवर.

४. आई-बाबा यायच्या आधी त्यांच्या गोळ्यांची घटकनावांसकट यादी करा. ब्रँडची नावं इथे कोणी ओळखत नाही. तीन महिन्यांनंतरच्या औषधांची सोय, म्हणजे इथल्या जीपीची एक अपॉइंटमेंट, आल्या आल्या करून ठेवा. मेटफॉर्मिन खाजगी प्रिस्क्रिप्शनवरही फार महाग पडत नाही.

५. फ्रिजवर एक चिठ्ठी लावा: *इथला आकडा × १८ = तिकडचा आकडा.* ७ म्हणजे १२६, १० म्हणजे १८०, १६ म्हणजे २८८.

६. बिया, पानं, पावडरी विमानतळावर कार्डावर डिक्लेअर करा. नेऊ देतील किंवा काढून घेतील, पण लपवलं तर दंड होतो.

७. काही खाऊन-पिऊन त्रास झालाच तर पॉइझन्स इन्फर्मेशन सेंटर, १३ ११ २६. माणूस बेशुद्ध असेल, श्वास लागला असेल तर थेट ट्रिपल झीरो.

जांभूळ फळ म्हणून जरूर खा. फ्रोझन मिळतं तेही गोड लागतं, मीठ लावून तर विचारूच नका. पेरू खा, आमटीत हळद घाला. भाज्या-फळं खाणाऱ्यांची तब्येत बरी राहते याबद्दल वाद नाही. माझा वाद फक्त त्या शिक्क्याशी आहे, जो बीला आणि पानाला न दिलेल्या परीक्षेचं सर्टिफिकेट देऊन टाकतो.

ज्यांनी सासऱ्यांची गोळी अर्ध्यावर आल्याचं लिहिलं होतं त्यांना एकच विनंती. त्यांची तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, गोळी कमी करण्याआधी किती होती आणि आता किती आहे, ते इथे लिहा. बरं चाललं असेल तर मला आनंदच होईल. पण आकडा हवा, आणि तो सासऱ्यांच्या रक्ताचा हवा, जांभळाच्या अर्काचा नको.

यादीवर डॉक्टर आणि फार्मासिस्ट मंडळी आहेत, माझं कुठे चुकत असेल तर त्यांनी जरूर दुरुस्त करावं. चू. भू. द्या. घ्या.

लोभ असावा,
आपला,
एक पॉइंट कुककर